लाल नट आणि आयुधपूजा

आयुधपूजेच्या सकाळी आमच्या गाडीला केळीचे खुंट बांधलेले, बॉनेटवर झेंडूच्या माळा, आणि चारी चाकांवर दादाने बाजारातून आणलेले लालभडक नट. सगळी गल्ली बघायला येत होती. मला मात्र संताप येत होता.

आमचं घर शिंप्यांचं, म्हैसूरमध्ये कित्येक पिढ्यांचं. मी रस्तासुरक्षेची पत्रकं वाटते, म्हणून दादा मला ‘पत्रकवाली’ म्हणतो. दुपारी सगळे बन्नूरला आत्याकडे निघणार होते. आणि मला ते नट पटत नव्हते. कंपनीच्या जुन्या नटांचं टोक वाटीच्या बुडासारखं गोल होतं, या लाल नटांचं निमुळतं, भोवऱ्यासारखं.

“आटे जुळले, नट घट्ट बसला. अजून काय पाहिजे?” दादा म्हणाला.

“आटे जुळणं म्हणजे बसणं नव्हे. चाकाच्या भोकाला बूड टेकलं पाहिजे.”

“सुम्निरु गं, सणाच्या दिवशी भाषण नको.”

गप्प बसणं मला कोणी शिकवलंच नाही. मी डिकीतलं जादा चाक अंगणात ओढलं. तेही कंपनीचंच, भोकं तशीच. अप्पांचा कापडावर खुणा करायचा निळा खडू भोकात घासला, आधी जुना नट दाबून फिरवला. त्याचं सगळं बूड निळं झालं. मग पाकिटात उरलेला एक लाल नट. त्यावर दोऱ्याएवढी एकच रेघ.

“अप्पा, एवढ्याशा टेकूवर आईला बसवून नेणार?”

अप्पांनी चष्मा वर करून रेघ बघितली. “काज एक, बटण भलतंच,” ते पुटपुटले. “उद्या बदलू. आज अवजाराला हात लावायचा नाही.”

पाना खरंच पाटावर होता. कात्री, मशीन आणि पाना, तिघांना कुंकू लागलेलं.

“चाक उद्यापर्यंत थांबेल का?” मी बॉनेटपुढे फतकल मारून बसले. “गाडी न्यायची तर माझ्या अंगावरून न्या!”

“अय्यो, हिने घरातच धरणं धरलं!” दादा हसला. पण गाडीचं दार कोणीही उघडलं नाही.

“आई, उत्तरपूजा कर. नुसत्या पान्याची.”

आईने क्षणभर विचार केला. मग पान्यावर अक्षता टाकल्या, तो इंचभर सरकवला आणि माझ्या हातात दिला. “उतरली पूजा. कात्रीला हात लावशील तर बघ.”

जिंकले! जुने नट सोळाच्या सोळा चाकांवर परत आले. प्रत्येक आधी बोटांनी फिरवला, आट्यांना तेल लावू दिलं नाही, तेलाने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. गाडी जॅकवरून उतरवली आणि समोरासमोरच्या जोड्यांनी गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या जोरापर्यंत आवळले. तेवढा जोर आला की पाना टक् करतो. ते टक् मला टाळ्यांसारखं वाटलं.

बन्नूरला आत्याच्या दारात जेवणाआधी मी पुन्हा प्रत्येक नट तपासला. एकही सैल नव्हता. आत्या म्हणाली, “ही काय पाहुणी की मेकॅनिक?”

पुढच्या आठवड्यात दुकानदार ‘एल्ला ओंदे’, सगळे सारखेच, असं म्हणत राहिला. दादाने गोल बुडाचे, त्याच आट्यांचे नट मिळेपर्यंत काउंटर सोडला नाही. रंग लालच घेतला. माझी काहीच हरकत नव्हती.