सरावलेले कान

कासा गावच्या बाजारात बाबांची भात भरडायची गिरणी होती. ती सुरू झाली की गिऱ्हाइकं कानांवर हात ठेवून उभी राहायची. बाबा मात्र पट्ट्याशेजारी बसून निवांत विडी ओढायचे. "कान सरावतात," असं ते सांगायचे.

गिरणी विकल्यावर घरातल्या टीव्हीचा आवाज वाढतच गेला, तेव्हा मी त्यांना डहाणूला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यातल्या पेशींवर बारीक केस असतात. आवाजाच्या लाटेनं ते वाकतात आणि ते वाकणंच मेंदूला आवाज म्हणून कळतं. मोठा आवाज वर्षानुवर्षं आदळत राहिला की मात्र ते कायमचे आडवे होतात.

"वाऱ्यानं भात लोळतं तसं," बाबा म्हणाले. "मग नवी रोपं लावून पुन्हा आवणी नाही का करता येत?"

"नाही काका. हे केस एकदाच मिळतात. आणि बारीक, चिरके आवाज आधी जातात."

म्हणजे ज्याला आम्ही सरावणं म्हणत होतो, ते रोज थोडं थोडं बहिरं होणं होतं. त्याचं आम्ही पाहुण्यांसमोर कौतुकही करायचो.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. शेताकडे बघत बाबा म्हणाले, "फवारे मारून मारून लोकांनी रातकिडेसुद्धा संपवले. किती शांत झालंय."

मी "हो" म्हटलं. ते त्यांना ऐकू जावं म्हणून मला रातकिड्यांच्या वर आवाज चढवावा लागला.