घंटा देणाऱ्या मुलीचा पगार

मी भाईंदरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले, तेव्हा आम्हाला शांती नगरात राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. घरी पाण्याचा टँकर आणि ऑफिसात आमचे हेडक्लार्क, या दोघांवर माझा राग काढून मी दिवस ढकलत होते. राग माझ्या नाकावरच असतो. नवरा म्हणायचा, तुला फीच्या खिडकीवर बसवलं नाही हे कॉलेजचं नशीब.

हेडक्लार्क पन्नाशीचे, बारीक, आणि कंजूष म्हणाल तर असे की कार्बन पेपर पांढरा पडेपर्यंत नवा द्यायचे नाहीत. टाचण्या मोजत नसत एवढंच. पण त्यांची एक पद्धत होती, आणि तिच्यामुळे मी हळूहळू त्या माणसाच्या प्रेमात पडले. प्रेमात म्हणजे कसं, घरी जाऊन नवऱ्याला रोज त्यांच्याच गोष्टी सांगायचे.

कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना होती. गरजू मुलं शिकता शिकता कॉलेजातच काम करायची. कोणी लायब्ररीत पुस्तकं लावायचं, कोणी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचं, कोणी बागेला पाणी घालायचं. विद्यापीठाचं म्हणणं असं की प्रत्येक काम आधी कुशल की अकुशल ते ठरवा, त्याला रोजचे तास किती लागतात ते ठरवा, आणि त्याप्रमाणे पैसे द्या. बाकीच्या कॉलेजांत हे काम खुर्चीत बसून व्हायचं. आमचे हेडक्लार्क मात्र दर जूनमध्ये प्रत्येक काम स्वतः करून बघायचे. धोतराच्या जमान्यातला माणूस नव्हता, शर्टपॅंट घालायचा, पण पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून बागेत पाइप घेऊन उभा राहायचा. शिपाई तोंडाला रुमाल लावून हसायचे. 'साहेबांची परीक्षा सुरू झाली' म्हणायचे.

एकदा बाटल्या धुताना त्यांच्या शर्टाला ॲसिडने भोकं पडली. त्या वर्षी बाटल्या धुणं अकुशलमधून उठून कुशलमध्ये जाऊन बसलं आणि धुणाऱ्या मुलांना रबरी हातमोजेही मिळाले. हातमोज्यांसाठी या माणसाने पैसे सोडले, यावर मॅनेजमेंटचा विश्वास बसेना.

माझ्या दुसऱ्या वर्षी गोष्ट अडली ती घंटेवर. आमच्याकडे विजेची घंटा होती, पण भाईंदरची वीज बेभरवशाची, त्यामुळे खरी घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी दांडा. घंटा देणारा जुना शिपाई रिटायर झाला. त्याची जागा मॅनेजमेंटने भरली नाही, आणि काम योजनेतल्या एका मुलीकडे आलं. मुलगी उत्तनच्या कोळीवाड्यातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. वडील बोटीवर पाय घसरून पडले होते, त्यांची कंबर गेली होती. आई मासळी सुकवून विकायची. ही सकाळच्या पहिल्या बसने यायची.

वर्षभर प्रिन्सिपॉलसाहेबांनी तिला आपल्या अधिकारात एक ठोक रक्कम दिली. मग विद्यापीठाचं नवं परिपत्रक आलं, ठोक काही चालणार नाही, प्रत्येकाचे तास दाखवा. हेडक्लार्क हिशेबाला बसले. एक घंटा द्यायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. दिवसाच्या सगळ्या घंटा धरल्या तरी पाव तास भरेना. मग त्यांनी उदार मनाने अर्धा तास धरला, पुढे 'अकुशल' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

मुलगी दुपारी माझ्या टेबलापाशी आली. कागद वाचला. "बरं," म्हणाली. मग कागद परत ठेवून म्हणाली, "मॅडम, एक तारखेपासून मी न्हाय येनार. मामानं भांड्याच्या कारखान्यात बोलून ठेवलंय. पॅकिंगला."

"आणि कॉलेज?"

"बसचे पैसेपन सुटत न्हाय यात. घरी काय देऊ?"

स्टीलच्या भांड्यांचे कारखाने भाईंदरमध्ये गल्लोगल्ली. तिथे पॅकिंगला गेलेली मुलगी पुन्हा वर्गात आलेली मी पाहिली नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ती गेल्यागेल्या उठले आणि हेडक्लार्कच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, बाग तुम्ही करून बघितलीत, बाटल्या धुवून बघितल्यात. घंटा देऊन बघितलीत?"

"अहो बाई, त्यात काय बघायचंय? रुळावर दांडा मारायचा."

"मग उंटावरून शेळ्या हाकताय तुम्ही."

नोकरी दोन वर्षांची, प्रोबेशन नुकतं संपलेलं, आणि तोंडातून हे गेलं. ऑफिसातला टाइपरायटर थांबला. हेडक्लार्कनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा चेहरा पडला होता, पण रागाने नव्हे. म्हणाले, "खरं आहे. चुकलं." एवढंच. मग त्यांनी मुलीला बोलावून सांगितलं, "उद्या दांडा माझ्याकडे. तू दिवसभर नुसते तास कर. काही झालं तरी वर्गातून उठायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिली घंटा त्यांनी अशी दिली की रिक्षास्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. पुढच्या दोन-तीनही वेळेवर. मग त्यांनी पगाराची बिलं काढली, आणि तिथून त्यांची तारांबळ सुरू झाली. एक ओळ लिहायची, घड्याळ बघायचं. बेरीज अर्ध्यावर आली की उठायचं. परत येऊन बेरीज पहिल्यापासून. चहा आला तो साय धरून पडून राहिला. त्यांना लघवीला जायचं होतं, हे मला त्यांच्या चुळबुळीवरून कळत होतं, पण पुढची घंटा जवळ आली होती म्हणून ते गेले नाहीत. मी मान खाली घालून हसत होते, खोटं कशाला सांगू.

आणि मग एक पालक आले. ॲडमिशनचं काहीतरी भांडण. पालक हिंदीतून तावातावाने बोलतायत, हेडक्लार्क त्यांना नियम समजावतायत, आणि घंटेची वेळ निघून गेली. माझ्या लक्षात आलं होतं. पण परीक्षा त्यांची होती, मी गप्प बसले.

वर्गात अर्थशास्त्राचे सर बोलतच राहिले. पुढच्या तासाची मुलं दाराशी जमली. इतिहासाच्या बाई वर्ग मिळेना म्हणून व्हरांड्यात उभ्या. वरच्या मजल्यावर दोन वर्ग एकाच खोलीत घुसले आणि कल्ला सुरू झाला. शेवटी प्रिन्सिपॉलसाहेब केबिनमधून बाहेर आले, "अरे, आज घंटेला काय झालंय?" हेडक्लार्क दांडा घेऊन धावले. मी त्यांना धावताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिला राहवलं नव्हतं. घंटा चुकली तेव्हा ती बाकाला घट्ट धरून बसली होती म्हणे, पाय आपोआप उठत होते. आणि मग हसून म्हणाली, "मॅडम, आज सर तास संपताना काय सांगतात ते पयल्यांदा ऐकलं."

तेव्हा मला कळलं. ती रोज दारालगतच्या बाकावर बसायची आणि तास संपायच्या आधीच बाहेर पडायची. वर्षभरात तिने एकाही तासाचा शेवट ऐकला नव्हता. नोट्स दुसऱ्या मुलींच्या वह्यांतून पुऱ्या करायची. मी तिच्यासाठी भांडले होते, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी ते हेडक्लार्कना सांगितलं.

संध्याकाळी शेवटची घंटा देऊन ते आले आणि दांडा टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. बिलं तशीच पडली होती. "बाई," ते म्हणाले, "आज दिवसभरात माझ्या हातून दुसरं एक काम पुरं झालं नाही." मग त्यांनी आदल्या दिवशीचा कागद फाडला. कागद फाडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, मागे लिहायला पाठकोरा म्हणून ठेवायचे. नव्या कागदावर घंटेपुढे त्यांनी 'कुशल' लिहिलं, आणि लायब्ररीच्या मुलांना मिळत तेवढे पूर्ण तास.

पण सही लागायची खजिनदारांची. खजिनदार म्हणजे भाईंदरचेच एक शेठ, त्यांचा स्वतःचा भांड्यांचा कारखाना. देणगीला मोठ्या हाताचे, हिशेबाला पक्के. शनिवारी ते आले, कागद वाचता वाचता घंटेपाशी अडले.

"साहेब, ये क्या? एक मिनिट दांडा मारायचा, बाकी टाइम ती क्लासमध्येच बसते ना? तिचं शिक्षण पण होतंय, वर फुल तास पण? माझ्याकडे पीस रेट आहे. जितने पीस, उतना पैसा."

मुलगी घंटेसाठी बाहेर व्हरांड्यात होती. दार उघडं होतं. तिला सगळं ऐकू जात होतं. मामाने सोमवारी, म्हणजे एक तारखेला, कारखान्यात घेऊन जायचं ठरवलं होतं, हे मला माहीत होतं. माझ्या जिभेवर बरंच काही आलं, पण हेडक्लार्कनी हाताने मला थांबवलं.

त्यांनी खणातून आपल्या स्वतःच्या पगाराचं बिल काढलं आणि शेठजींपुढे ठेवलं.

"शेठ, मंगळवारी दिवसभर घंटा मी दिली. मधल्या वेळात मीही खुर्चीतच बसलो होतो. पंख्याखाली. तुमचा नियम बरोबर असेल तर माझा मंगळवारचा पगार पाव तासाचा काढा. मी सही करतो." आणि खरंच पेन उघडून बसले.

मस्करी नव्हती ती. मला त्या क्षणी भीतीच वाटली, कारण हा माणूस पैसा सोडणारा नव्हता आणि शब्दही फिरवणारा नव्हता. कार्बन पेपरसाठी रडणारा माणूस दिवसाचा पगार टेबलावर ठेवून शांत बसला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

शेठजींनी ते बिल उचलून वाचलं. मग त्यांनी ते हळूच हेडक्लार्कांकडे सरकवलं, दुसरा कागद ओढून घेतला आणि सही केली.

"एक बात बोलू?" उठता उठता ते म्हणाले. "माझ्या कारखान्यात कधी येऊ नका हां, साहेब. माझा धंदा बसवाल तुम्ही."

मोठ्याने हसले आणि गेले. वाईट माणूस नव्हता तो.

हेडक्लार्कनी मुलीला आत बोलावलं. ती दारात उभी राहिली, हात पुसत. कशाला पुसत होती कोण जाणे, हात कोरडेच होते.

"झालं तुझं," ते म्हणाले. "पूर्ण तास. लायब्ररीवाल्यांएवढेच. मामांना सांग, पोरगी येत नाही म्हणून."

तिने मनगट वळवून घड्याळ बघितलं, कोपऱ्यातला दांडा उचलला आणि बाहेर गेली. घंटा झाली. वर्गांची दारं उघडल्याचे आवाज आले, मुलांचा गलका व्हरांड्यातून पुढे गेला. तो सगळा ओसरेपर्यंत ती रुळाजवळ उभी होती. मग आत आली, दांडा जागेवर ठेवला, माझ्या टेबलाशी खाली बसली आणि रडली.