पेपरमिंट मास्तर

धरणेंद्र मगदूम एसटीत एकोणतीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली शेवटची अकरा सांगली–कोयनानगर गाडीवर. ही गाडी कोणी हौसेनं मागून घेत नसे. पाटण सोडलं की रस्ता वळायला लागतो आणि रस्त्यापाठोपाठ प्रवाशांची पोटंही. पहिल्याच आठवड्यात गाडी तीनदा धुवावी लागली. मग मगदूम एका दुकानातून पेपरमिंट तेलाची बोटभर बाटली घेऊन आले. रुमालावर दोन थेंब टाकायचे, रुमाल नाकापासून वीतभर लांब धरायचा आणि खिडकीबाहेर बघायचं. पोट शांत व्हायचं. निदान रुमालाच्या नादात उलटीचा विसर पडायचा. तिकीट सगळ्यांना, थेंब गरजूंना. लोक त्यांना पेपरमिंट मास्तर म्हणू लागले. त्यांचं आडनाव पुढं फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडलं.

तेलाचा दुसरा उपयोग घरगुती होता आणि त्याला धर्माची बाजू होती. मास्तरांनी तिशीत जैन मुनी महाराजांकडून नियम घेतला होता: दिवस मावळला की तोंडात काही नाही. अन्न नाही, पाणी नाही, गोळीही नाही. डोकेदुखीनं मात्र कसलाच नियम घेतलेला नव्हता. ती नेमकी दिवेलागणीला यायची. मग खोबरेल तेलात थेंबभर पेपरमिंट मिसळून कपाळाला चोळायचं, डोळे मिटून बसायचं. डोकं खरंच उतरायचं. अशा रीतीनं त्या घरात एक शास्त्र तयार झालं. गिळायचं ते औषध. लावायचं ते नुसतं तेल. त्याला नियम नाही, काळवेळ नाही आणि अर्थातच धोका नाही.

"बाहेरनं लावल्यालं काय करतंय?" मास्तर विचारायचे.

"वास करतंय," आक्काताई, म्हणजे त्यांच्या बायको, चुलीपुढून म्हणायच्या. "माझी आमटी बी आता तुमच्यासारखीच वासाय लागलीया."

निवृत्तीनंतर बाटली सदऱ्याच्या वरच्या खिशात मुक्कामाला आली. गल्लीत कुणाचं डोकं दुखो, कुणाला डास चावो, मास्तर हजर. पोटदुखीवाल्यांना मात्र ते बाटली दाखवत नसत, कारण पोटदुखीवाले ती पिऊ बघायचे.

लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा भरतेश आणि सून स्वप्नालीला मुलगा झाला. नाव सम्मेद. भरतेश पुण्याच्या कंपनीत. शनिवारी यायचा, रविवारी जायचा. स्वप्नाली सांगलीतच शाळेत शिकवायची. तिची रजा संपली तेव्हा सम्मेद सात महिन्यांचा होता. तिची आई कोरेगावहून फोनवर म्हणाली, "पाळणाघरात ठेव बाई. म्हाताऱ्या माणसाला काय झेपतंय?"

"आमचे आण्णा हायत," स्वप्नाली म्हणाली. "सत्तर माणसं घिऊन घाट चढलेत. एक पोरगं न्हाई व्हय सांभाळणार?"

हे मास्तरांनी दाराआडून ऐकलं आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. आक्काताईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "भूक लागलीया."

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या आठवड्यात सम्मेदला सर्दी झाली. त्या दुपारी आक्काताई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला गेलेल्या. पोराचं नाक चोंदलेलं. बाटलीतलं दूध दोन घोट ओढायचं, श्वासासाठी सोडायचं आणि चिडून रडायचं. मास्तरांना ते बघवेना. अकरा वर्षं परक्यांची पोटं सांभाळली आणि घरच्या नाकापुढं हात टेकायचे? त्यांनी थेंब बोटावर घेतला आणि हलक्या हातानं नातवाच्या नाकाखाली लावला. खोबरेल मिसळायचं राहिलं. पण मिसळलं असतं तरी ती चूकच होती, हे त्यांना अजून कळायचं होतं.

सम्मेदचं रडणं मध्येच तुटलं. तोंड उघडं, आवाज नाही. डोळे विस्फारलेले. मास्तरांनी त्याला उचलून खिडकीशी नेलं. पाठीवर हात फिरवला. "सम्मू, ए सम्मू, घे की रं श्वास. घे की गड्या." मग पोर एकदम खोकलं, मोठ्यांदा रडलं, आणि त्या रडण्याखाली छातीत शिट्टीसारखं काहीतरी वाजायला लागलं. मास्तरांनी खोबरेलात कापूस बुडवून नाकाखालचं तेल पुसून काढलं. पाण्यानं ते निघत नाही, हे घाटात शिकलेलं. स्वप्नालीला फोन केला. पोराला छातीशी धरून दवाखान्याकडे निघाले.

डॉ. वीरधवल घोरपडे गल्लीतल्याच दवाखान्यात लहान मुलांना तपासायचे. मास्तरांमागोमाग शाळेतून स्वप्नालीही धावत पोचली. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला यंत्र लावलं, कपाळाला आठी घातली.

"हे अचानक झालं? घरी काही औषध दिलंत?"

"न्हाई," मास्तर म्हणाले. "तोंडात काय बी घातलं न्हाई."

हे त्यांनी मनापासून सांगितलं. आणि वासाचं म्हणाल तर, मास्तर आत आले की दवाखान्यात तो वास येणारच. तो पुरावा धरता येत नव्हता.

"आण्णा न्हाई म्हणले म्हणजे न्हाई," स्वप्नाली डॉक्टरांना म्हणाली. "खोटं बोलत न्हाईत ते."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग कारण शोधायला हवं. मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी देतो. एक्स-रे, रक्त, सगळं बघू."

ते लिहायला लागले. मास्तर पेनाकडे बघत राहिले. एवढ्याशा हातात सुई. आणि आपण सांगितलं त्यात खोटं एक अक्षर नाही. आपलं शास्त्र आज पहिल्यांदाच त्यांना बाहेरून दिसलं, आणि ते फार चांगलं दिसेना.

"डॉक्टर, थांबा," ते म्हणाले. "दिलं न्हाई. पर लावलंय. नाकाखाली, पेपरमिंट. मला त्ये औषध वाटलंच न्हाई. त्येच्यानंच झालं असंल."

पेन थांबलं. स्वप्नालीनं सासऱ्यांकडे बघितलं नाही.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं. "एवढ्या लहान बाळाच्या तोंडा-नाकाजवळ हे तेल लावायचंच नसतं, आण्णा. थेंबभरानं सुद्धा श्वास आवळतो. मोठ्या माणसानं पातळ करून कपाळाला लावावं, डोळ्यापासून लांब. पिऊ तर नयेच. बाहेरून लावलं तरी ते आत जातंच. नाहीतर तुमचं डोकं कसं उतरतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मास्तरांना कधी पडलाच नव्हता.

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाले. चिठ्ठी बाजूला ठेवली. आता वाफेतून औषध देऊ, दोन-तीन तास इथंच डोळ्यासमोर ठेवू, शिट्टी कमी झाली नाही तर मग पुढं.

यंत्र घरघरायला लागलं. मास्क तोंडाशी आला की सम्मेद आईच्या हातात अंग धनुष्यासारखं ताणायचा. एका हातात पोर, एका हातात मास्क, स्वप्नालीला दोन्ही आवरेना. मास्तर भिंतीला चिकटून उभे होते, गाडी चुकलेल्या माणसासारखे.

"आण्णा," ती म्हणाली. अजून बघत नव्हती. "हात धुवा. साबणानं. दोनदा."

ते धुऊन आले.

"सदरा काढा. त्याला वास येतोय."

बाहेरच्या बाकावर गल्लीतली चार माणसं होती, दार सताड उघडं होतं, आणि मास्तरांना सदऱ्याशिवाय आक्काताईंखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी बटणं काढली. सदरा नेऊन दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला आणि बनियनवर येऊन खुर्चीत बसले.

स्वप्नालीनं पोराला त्यांच्या मांडीवर दिलं. "घट्ट धरा," ती म्हणाली. "मी मास्क धरते."