आत्याने लावलेली सकाळची हळद

आमच्या घरी येणारा प्रत्येक जण आधी आतल्या खोलीकडे बघायचा आणि आवाज उतरवून विचारायचा, "आता कसा आहे तो?" तो म्हणजे आमचा दादा. दारू त्याला सुटत नव्हती. नेरे गावची आत्या मात्र चपला काढता काढताच माझ्यावर आणि ताईवर ओरडायची, "पोरांनो, तुमी जेवलाव का?" जेवलेलो असलो तरी मी नाही म्हणायचो. माझ्या आजच्या पोटाला तीच जबाबदार आहे.

दादा एकटा राहिला की पितो, म्हणून ताई आणि मी आळीपाळीने घरी थांबायचो. दोघांनी मिळून कुठे जाणं नव्हतंच. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आत्या शेतातल्या पोपटीसाठी आम्हा दोघांना एकदमच तिच्या गावी उचलून न्यायची. आई कुरकुरली तर म्हणायची, "वहिनी, पहाऱ्यानं दारू सुटत नाय. ही पोरं मात्र सुकतात." मडक्यात शेंगा शिजेपर्यंत दादाचं नाव काढायचं नाही, हा तिचा नियम. पहिल्या वर्षी आम्हाला दुसरा विषयच सुचेना. शेवटी मी मास्तरांच्या नकला केल्या. भिकार होत्या, तरी आत्या पोट धरून हसली.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा ती हळदीलाच नको म्हणाली. आमच्याकडे हळद म्हणजे संध्याकाळ, बेंजो आणि बाटल्या.

"दादा सगळ्यांसमोर पडेल गं, आत्या."

"हळद तुजी हाय, त्याची नाय. सकाळी लावू."

काका हबकले. "सकाळी? पावन्यांना काय चा पाजू?"

"ताक पाज. तुज्या पित्तालाही बरं."

तरी दादा सकाळीच पिऊन, झोकांड्या खात मांडवात आला. ताई पाटावरून उठायलाच लागली. हळदीची गाणी म्हणावीत ती आत्यानेच. बायका तिच्याकडे बघत थांबल्या होत्या. तिने ताईचा खांदा दाबला, "बस तू." दादाचं मनगट धरून त्याला मागच्या पडवीत नेलं, शेजारी बसवलं आणि तिथूनच खड्या आवाजात गाणं उचललं. मांडवातल्या बायकांनी सूर धरला. ताई बसून राहिली.

आत्या जाऊन दोन वर्षं झाली. दादाचं अजून खालीवर चालू असतं. हळदीच्या व्हिडिओत आत्या कुठेच दिसत नाही. ताई दिसते, कानापर्यंत पिवळी, हसणारी, आणि घरामागून आवाज येत राहतो.

"आई, कोण गातंय?" भाची विचारते.

ताई आवाज वाढवते.