पंपाच्या दुकानात मोजून तीन चुका

पंपाच्या दुकानात पंप कमी खपतात आणि किस्से जास्त साठतात, हे माझं अनुभवाचं मत आहे. कारण पंप घ्यायला माणूस एकदा येतो आणि भांडायला चारदा! भांडायला येताना शेजाऱ्यालाही साक्षीला घेऊन येतो. मग चहा मागवावा लागतो, आणि चहा आला की किस्सा आलाच.

आमचं दुकान बंगळुरात, चिकपेटेत. मालक केशवराव, पण सगळ्या पेठेचे अण्णा. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. घरात बोलायचे मराठीच, पण दर चौथा शब्द कन्नड. मी निपाणीचा, पन्नासच्या दशकात तिथे सेल्समन म्हणून लागलो, दोन्ही भाषा येतात एवढ्याच भांडवलावर. अण्णांनी माझं नाव एकदा विचारलं आणि लगेच विसरले. तेव्हापासून मी ‘निप्पाणी’.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं. म्हणाले, “ए निप्पाणी, विहिरीचा पंप म्हणजे पायातली चप्पल. मोठी झाली तरी माणूस पडतो, लहान झाली तरी रडतो. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायचं, पण मानायचं नाही. आपल्या विहिरीला पाणी कमी आहे असं सांगणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. रोज पाणी कोण ओढतं, त्याला जाऊन विचारायचं. तुला तीन चुका माफ. चौथी केलीस की पंपाला हात लावायचा नाही, मागे बसून नट-बोल्ट विकायचे. सरी, कळलं ना?”

मी धीर करून विचारलं, “आणि तुमच्या चुका, अण्णा?”

“माझ्या तीन केव्हाच करून झाल्या!”

नट-बोल्टचे खण दुकानाच्या अगदी मागे, काळोखात. तिथे बसलेल्या माणसाशी कोणी बोलत नसे, नुसतं माप सांगत असे. त्यासाठी काही मी निपाणी सोडली नव्हती.

* * *

पहिली चूक महिन्याभरातच केली! होसकोटेकडचा एक शेतकरी आला. म्हणाला, “पाणी सहा परस खाली आहे.” परस म्हणजे एका माणसाची उंची, एवढं मला माहीत होतं. मी नळाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. साडेपाच फुटांनी सहाला गुणलं, त्या हिशेबाने पाइप कापून दिला आणि वर नमस्कारही केला.

चौथ्या दिवशी स्वारी परत हजर. “साहेब, तुमच्या पाइपाला पाणी दिसतंय, पण पोचत नाही!”

झालं होतं असं, की परस मोजताना माणूस हात सरळ वर करून उभा राहतो, आणि बोटांच्या टोकापर्यंतची उंची धरतात. त्यातून ती विहीर मोजली होती त्याच्या आजोबांनी. आजोबा पैलवान! बारा फूट पाइप कमी पडला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “माप आजोबांचं घेतलंस आणि पाइप स्वतःच्या उंचीचा दिलास. एक!”

* * *

दुसरी चूक बेळ्ळंदूरची. तेव्हा बेळ्ळंदूर म्हणजे तळ्याकाठचं खेडं, भात आणि भाजीपाला. तिथले नागरेड्डी म्हणून एक सज्जन बागाईतदार होते. आता मी शहाणा झालो होतो ना! स्वतः टेप घेऊन गेलो आणि स्वतः मोजलं. पाणी इतकं वर, की वाकून तांब्या भरावा. मी काठावरच पंप बसवायला सांगितला आणि त्यांच्याकडचं जेवण जेवून आलो.

गेलो होतो कार्तिकात. चैत्रात तेच पाणी तीस फूट खाली गेलं. काठावरचा पंप वीस-बावीस फुटांच्या खालचं पाणी ओढूच शकत नाही, मग त्याला कितीही हळदकुंकू वाहा.

नागरेड्डी भांडायला आले नाहीत. त्यांनी कार्ड टाकलं: “पंप सुखरूप आहे. आवाज मोठा, काम काही नाही. असा एक जावई आमच्या घरी आहेच. दुसरा परत न्यावा, ही विनंती.”

अण्णांनी ते कार्ड माझ्या टेबलासमोर भिंतीला चिकटवलं. “विहीर कडक उन्हाळ्यात बघायची रे, निप्पाणी. कार्तिकात सगळ्याच विहिरी श्रीमंत असतात. दोन!” मग आमचा फिटर मुनियप्पा जाऊन विहिरीच्या आत कट्टा बांधून त्याच्यावर पंप ठेवून आला. मी जेवायला परत गेलो नाही.

* * *

तिसरी झाली तेव्हा अण्णा तुमकूरला लग्नाला गेले होते. दुकानात मी एकटाच साहेब! त्या दिवशी तिम्मेगौडा आले. मिशा, फेटा, मागे दोन माणसं. धाकट्या भावाने बांधापलीकडे पाच हॉर्सपॉवरचा पंप बसवला होता, म्हणून यांना दहाचा हवा होता.

मी विचारलं, “पाणी कसं आहे?”

“समुद्र!” गौडा म्हणाले.

समुद्राला कोण काय विचारणार? दिला दहाचा.

आठवड्याने गौडा आले ते एकटेच. खुर्चीत बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. “पंप एक नंबर! बटण दाबलं, अर्ध्या तासात विहीर लख्ख. आजीची हरवलेली घागर सापडली, दोन कळशा सापडल्या. आता या पंपाला शोभेल अशी एक विहीर पण द्या!”

तोवर अण्णा परतले होते. “कुणाला विचारलंस?” त्यांनी मला विचारलं.

“गौडांना.”

अण्णा मला घेऊन थेट गौडांच्या मळ्यावर गेले. गौडांची म्हातारी आई ओसरीवर शेंगा फोडत होती. अण्णांनी तिला पाण्याचं विचारलं. ती मान वर न करता म्हणाली, “चाळीस घागरी काढल्या की गढूळ येतं. मग दुपारपर्यंत हात लावायचा नाही.” तिला हे लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. विहिरीला तीन हॉर्सपॉवरचा पंप पुरेसा होता आणि तोच बसवला.

येताना बसमध्ये अण्णा फक्त एक शब्द बोलले, “तीन.” त्या दिवसापासून मला मागचे ते खण रोज दोन पावलं जवळ सरकल्यासारखे वाटायला लागले.

* * *

मग साठच्या दशकात सबमर्सिबल पंप आला. मोटरीसकट सगळा पंप पाण्यात बुडून चालतो, हे मुनियप्पाला पटवता पटवता आमची पुरेवाट झाली. “अण्णा, इतकी वर्षं मोटर पाण्यात पडली की आपण डोक्याला हात लावत होतो. आता मुद्दाम टाकायची?” तो म्हणे. त्याने हातच लावला नाही.

शेवटी अण्णांनी दुकानापुढे दोन ड्रम जोडून उभे केले, पाण्याने भरले आणि पंप आत सोडला. साडेसात हॉर्सपॉवरचा! पाइपाचं तोंड परत ड्रममध्ये वळवलेलं. सगळी पेठ गोळा झाली. अण्णांनी बटण दाबलं. पाइप सुटला आणि पाणी सरळ समोरच्या साड्यांच्या दुकानात!

समोरचे शेठ गल्ल्यावर भिजत शांतपणे बसले होते. म्हणाले, “अण्णा, आमच्या साड्यांचा रंग पक्का आहे हे सगळ्यांना कळलं. आता बंद करा.”

डेमो झकास झाला, पण पंप कोणी घेतला नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेला त्याला कुंकू लागलं, ते उन्हाळ्यापर्यंत तसंच होतं.

* * *

आता गंगाक्काचं सांगतो. गंगाक्का अण्णांची थोरली बहीण, देवनहळ्ळीला राहायची. यजमान वारलेले, मूलबाळ नाही. होती ती चकोत्याची, म्हणजे पपनसाची, चाळीस झाडं. यजमानांनी लग्नानंतर एक-एक करून लावलेली. त्या वर्षी तिची विहीर आटली. पानं वळायला लागली. अक्काने होतं नव्हतं ते घालून विहिरीच्या तळात बोअर मारून घेतली. पाणी लागलं, पण इतकं खोल की सबमर्सिबलशिवाय इलाज नव्हता.

अण्णांनी मला आणि मुनियप्पाला पाठवलं. बोअरला रहाट नसतो, त्यामुळे तिचं पाणी ओढणारं कोणी नाही. मग विचारायचं कुणाला? आम्ही लांबट पत्र्याची बादली दोराने आत सोडली आणि सकाळपासून पाणी उपसत राहिलो. पाणी किती उतरतं, पुन्हा किती वेळात चढतं, मी लिहीत होतो. अक्का झाडाला टेकून बघत बसली होती. संध्याकाळी म्हणाली, “मला झाडं जगवायचीत रे. पूर नको आणू.”

दुकानात येऊन मी सांगितलं, “अण्णा, तीनच्या वर नको.”

तीनचा कोइम्बतूरहून मागवायचा म्हणजे दहा दिवस. दुकानात तयार होता तो साडेसातचा. “झाडं दहा दिवस थांबतील?” अण्णा चिडले. “आणि माझ्या अक्काला मी कमी देऊ?”

“बोअर तेवढी नाही, अण्णा.”

“चौथी चूक होईल हं, निप्पाणी!”

मला मागचे खण दिसले. तरी मी पुन्हा म्हटलं, “तीन.” अण्णांनी साडेसातचा टेम्पोत चढवला.

पाणी आलं तेव्हा काय आलं! अक्काने नारळ फोडला. अण्णांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. दहा मिनिटांनी धार तुटायला लागली. मग गढूळ, मग नुसती हवा.

“अण्णा, बंद करू?” मुनियप्पाने विचारलं.

“स्वल्प थांब. येईल.”

“अण्णा...”

“येईल म्हणतो ना!”

जळका वास आला तेव्हाच अण्णांनी मुनियप्पाला अडवणारा हात खाली केला. मोटर गेली होती. अक्का उठली, अण्णांजवळ आली आणि हळूच म्हणाली, “केशवा, कुणाला विचारलंस रे?”

अण्णा परत आमच्याबरोबर आलेच नाहीत. मी कोइम्बतूरला तार केली. दहा दिवस अण्णा देवनहळ्ळीलाच राहिले. तळ्यावरून बैलगाडीत पिंपं भरून आणायची आणि बहीण-भावांनी झाडागणिक घागर ओतायची. त्या वयात! खांद्याची सालं निघाली होती, मी पाहिली. तीनचा आला तो मुनियप्पाने आणि मी बसवला. मनगटाएवढी धार पडायला लागली, ती दुपार झाली तरी तुटली नाही. तीन झाडं गेली, सदतीस जगली. अक्काने माझ्या डोक्यावर हात ठेवला. अण्णा लांब उभे होते.

सोमवारी मी दुकानात आलो, तर अण्णांची खुर्ची रिकामी. देवाला उदबत्ती लावलेली होती, म्हणजे ते आले होते. इतक्यात एक गिऱ्हाईक आत शिरलं, जुनं, अण्णांच्या ओळखीचं. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ मागे गेलं. मीही मागोमाग गेलो. काळोखात स्टुलावर अण्णा बसले होते, बाह्या वर करून, वायसर साइझप्रमाणे वेगळे करत.

“नमस्कार अण्णा. विहिरीसाठी पंप बघायचा होता.”

अण्णांनी मान वर केली नाही. नुसतं बोट माझ्याकडे केलं.

“पंप तिकडे साहेबांना विचारायचा. इकडे फक्त नट-बोल्ट.”