तिसऱ्या वर्षाचा माणूस

तरीही माझं म्हणणं तेच आहे, सरांनी त्या सकाळी मला चारचौघांत पकडलं. सर म्हणतात, "मी कुठं पकडलं? तूच बोललास." आमच्या भावकीतले सगळ्यात थोरले धुळा आप्पा, तेही सरांच्याच बाजूनं बोलतात. सात वर्षं झाली, गावाकडं गेलो की हे भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आता जगदाळे सरांना साठ पूर्ण होतायत, त्यांचा गौरवग्रंथ निघतोय आणि समितीनं माझ्यासारख्याकडंही लेख मागितलाय. तर म्हटलं, एकदा छापूनच टाकू, म्हणजे वाचणारे ठरवतील.

मी बिरू. दहावीला दोनदा बसलो, दोनदा नापास. एका जागी बूड टेकत नाही म्हणून आबा लहानपणापासून ओरडायचे. शेवटी काम मिळालं तेही तसलंच. विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर उभे करायचे, लाइन पुढं सरकली की आपण पुढं. सध्या राजस्थानात बाडमेरच्या पलीकडं आहे. लिहिण्यात चूकभूल झाली तर ती माझी, सरांची नाही. मी त्यांच्या वर्गात कधी बसलोच नाही.

आमची वस्ती दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडं. आबांची मेंढरं केव्हाच गेली, दीड एकर ऊस राहिला. तो पाटसच्या साखर कारखान्याला जातो. नदीच्या पल्याड शिरूर तालुक्याच्या हद्दीत नवीन कॉलेज निघालं होतं, आणि जगदाळे सर तिथं अर्थशास्त्र शिकवायला होते. राहायला केडगावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे सगळं मला नंतर कळलं.

पहिली भेट अशी. मी वर्षभरानं घरी येत होतो. दौंडला सकाळी गाडीतून उतरलो, शिटा भरून चालणाऱ्या वडापच्या जीपनं वस्तीवर आलो, तर अंगणात घोंगडी अंथरलेली. भावकीची जाणती माणसं बसलेली. मध्ये पितळी ताट, त्यात सुपारी आणि अडकित्ता. समोर पांढऱ्या शर्टातला, चष्मेवाला एक अनोळखी माणूस. माझी बहीण संगीता त्या साली बारावी झालेली. कुणालाही वाटेल तेच मला वाटलं. पाव्हणे आलेत, पोरीची सुपारी फुटतीय. आणि हे नवरदेवाचे वडील.

धुळा आप्पांनी मला लांबूनच बघितलं. "आला बघा पोरीचा भाऊ! आता खर्चाचं त्यालाच इचारा."

चष्मेवाल्यांनी माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "खर्चाचं तुम्ही बघणार?"

अंगावर गाडीची धूळ, खिशात वर्षाची कमाई. मी छाती काढून म्हणालो, "माझ्याकडं लागलं. कायबी कमी पडू देणार न्हाई."

"शेवटापर्यंत?"

"म्हंजी काय, पार शेवटापर्यंत!"

सुपारी फुटली. सगळ्यांनी एकेक खांड उचललं, मीही उचललं, चावलं. मग सोयरीक जमल्यावर विचारतात तसं विचारलं, "पोरगा काय करतो?"

"कुठला पोरगा?" आबा म्हणाले.

घरातून संगीचं हसू ऐकू आलं. "दादा, पोरगा न्हाई, बी.ए. हाय!"

अख्खी भावकी हसायला लागली. धुळा आप्पांना तर ठसका लागला. मला कळेना. मग सरांनी सांगितलं. संगीताला कॉलेजात घालायचं ठरत होतं. सरांची रीत अशी होती, की पोराचा प्रवेश करायच्या आधी ते त्याच्या घरी जायचे आणि सगळ्यांना एकच विचारायचे. पहिल्या वर्षाचं नका सांगू. पहिल्या वर्षाला उत्साह असतो, कुणीही देतं. तिसऱ्या वर्षाचा माणूस कोण? तिसऱ्या वर्षी पोरगं घरी बसायची वेळ आली, तर कोण उभं राहणार? जो स्वतःचं नाव सांगेल त्याच्या नावानं भावकीपुढं सुपारी फुटायची. खाल्लेली सगळी माणसं साक्षीला.

"सर, मला लगीन वाटलं," मी म्हणालो.

"लग्नाला किती धरले होतेस मनात?"

मी आकडा सांगितला.

"मग तेवढेच तीन वर्षांत वाटून दे. एका दिवसात उडवायला जमतात, तर तीन वर्षांत द्यायला का जमू नयेत?" सर हसले नव्हते. बाकी सगळे हसत होते.

आमच्या भांडणाचं मूळ ते एवढं. लग्न एका दिवसात उरकतं. सरांनी माझ्या गळ्यात तीन वर्षं घातली.

ही रीत त्यांनी का काढली, ते संगीनं नंतर सांगितलं. कॉलेजच्या उद्घाटनाला पुण्याहून मोठे साहेब आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं, की उच्च शिक्षण खेड्यापाड्यात न्यायचं, गरिबाला परवडेल असं करायचं, कॉलेजात जाणाऱ्यांची टक्केवारी वाढवायची, हे सरकारचं धोरण आहे. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी सरांनी विचारलं, "साहेब, तुम्ही प्रवेश मोजणार का पदव्या?" साहेब म्हणाले, सध्या प्रवेश. सर म्हणाले, "म्हणजे पेरा मोजायचा, खळं मोजायचं नाही." साहेबांनी बिस्किट खाल्लं आणि घड्याळ बघितलं.

त्याच कॉलेजच्या परवानगीच्या कागदावर 'कायम विनाअनुदान' असा शिक्का होता. सरकार कॉलेज काढू देणार, पण पैसा देणार नाही, कधीच नाही. पोरांच्या फीतून मास्तरांचे पगार निघायचे. बारावीपर्यंत मुलींना फी माफ होती. त्याच मुलीनं नदी ओलांडली, पुढच्या वर्गात पाय ठेवला, की फी तिची, एसटी तिची, पुस्तकं तिची. परवडणारं म्हणजे कुणाला परवडणारं, हे धोरणात लिहायचं राहून गेलं असावं.

संगी दुसऱ्या वर्षाला असताना तिला बारामतीकडचं स्थळ आलं. चांगलं होतं. आबा डगमगले. मी लांब, मला कुणी विचारलंही नाही. पण धुळा आप्पा पाव्हण्यांच्या तोंडावर म्हणाले, "एक सुपारी खाल्ली हाय, ती जिरल्याबिगर दुसरी कशी खावी?" पाव्हणे चहा पिऊन गेले. संगीचं दुसरं वर्ष त्या एका वाक्यावर निघालं.

सगळीकडं असं झालं नाही. सरांचा गौरव लिहायचा म्हणून खोटं लिहिणार नाही. आमच्याच शेजारच्या वस्तीवरचा मारुती संगीपेक्षा हुशार. त्याचा तिसऱ्या वर्षाचा माणूस म्हणजे त्याचा मामा. तो हायवेवर गाडीखाली गेला. सर त्याच्या घरी गेले, पुन्हा भावकी बसवली, पुन्हा विचारलं, आता कोण? सुपारी खाल्लेली सगळी माणसं घोंगडीकडं बघत बसली. सर दुपारपर्यंत थांबले होते म्हणतात. कुणी पाणीसुद्धा पुढं केलं नाही. मारुती आज उसाचा ट्रॅक्टर चालवतो. सरांची जुनी एम-एटी फटफटी रस्त्यात समोर आली की तो मान दुसरीकडं करतो. सर गाडी खाली घेतात, थांबतात, दोन्ही ट्रॉल्या पुढं जाऊ देतात, मगच निघतात. सरकारच्या मोजणीत मारुतीसुद्धा आहे. त्यानं प्रवेश घेतला होता ना.

माझ्यावर सरांचे उपकार आहेत तेही सांगतो. संगीचं दुसरं वर्ष संपत आलं तवा आमच्या टॉवरवरून माझ्या जोडीचा पोरगा पडला, जागीच गेला. बिहारचा होता, माझ्याच ताटात जेवायचा. मी त्याच दिवशी पिशवी भरली आणि घरी आलो. आठवडा झाला तरी पिशवी पुन्हा उचलली नाही. संगीला वाटलं, संपलं आपलं कॉलेज. ती नुसती भाकरी वाढायची आणि बाजूला बसायची.

सर आले. मला वाटलं, आता शब्दाची आठवण करून देतील. ते मला एम-एटीवर बसवून दौंड स्टेशनवर घेऊन गेले, बाकावर बसवलं, भजी घेतली. म्हणाले, "जायचं की नाही ते तू ठरव. नसेल जायचं तर मी सुपारी परत घेतो. तिसरं वर्ष माझ्याकडे."

"तुमच्याकडं कशाला?"

"मीही खाल्लीय ना त्या दिवशी. ताटात माझंही खांड होतं."

मला राग आला. का आला ते अजून कळत नाही. मी म्हणालो, "माझं मी बघतो. तुम्ही तुमचं बघा." आणि चौथ्या दिवशी परत गेलो. टॉवरवर चढायच्या आधी अजून कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघतो, पण चढतो.

त्या बाकावर बसून सर माझ्या बहिणीचं वर्ष अंगावर घेत होते, तेव्हा त्यांना स्वतःला कितीतरी महिने पगार नव्हता. हे मला यंदा कळलं.

झालं असं होतं, की संस्थेच्या बैठकीत फी वाढवायची ठरत होती. वाढीव फीतून थकलेले पगार निघाले असते. सरांनी विरोध केला. म्हणाले, "फी वाढली तरी पहिल्या वर्षाचे येतील. तिसऱ्या वर्षाचे जातील. मग मी पगार घेऊन शिकवू कुणाला?" बाकीचे मास्तर चिडले. एक तरुण सर म्हणाले, "जगदाळे सर, तुमचं निभतं, आमची पोरं लहान हायत." ते सर नंतर नोकरी सोडून विमा विकायला लागले. त्यांचंही चूक म्हणवत नाही. फी वाढली नाही. संगी आणि तिच्यासारख्या कितीक जणी तिसऱ्या वर्षाला बसल्या, आणि ज्यांनी शिकवलं ते रिकाम्या हातानं घरी गेले.

संगी बी.ए. झाली. आज ती रांजणगावच्या एमआयडीसीत खोक्यांवर लेबलं लावते. पहिल्या महिन्यातच ती सरांकडं गेली आणि म्हणाली, "सर, लेबल लावायला बी.ए. कशाला लागतंय?" सरांनी तिला आधी बसायला सांगितलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, संगीता." दुसरा कुणी असता तर ज्ञानाचं महत्त्व सांगितलं असतं. संगी म्हणते, तेवढ्यासाठी तरी सरांचा मान राखायला पाहिजे. तसं घरात तिचं वजन वाढलंय. बघायला पाव्हणे आले की प्रश्न तीच विचारते, आणि आबा दाराआड उभे राहून घाम पुसतात.

आता मी मूळ गोष्टीकडं येतो. ती सरांना छापलेली आवडणार नाही.

सरांची धाकटी मुलगी स्वाती. तिला रसायनशास्त्र घ्यायचं होतं, सरांच्या कॉलेजात विज्ञान नाही, म्हणून ती पुण्यात बी.एस्सी.ला होती. दोन वर्षं चांगल्या मार्कांनी पास. या उन्हाळ्यात ती केडगावला आली आणि परत गेली नाही. सर लोकांना सांगतात, तिला जरा बरं नव्हतं, पुढच्या वर्षी जाईल. संगी तिच्याशी बोलली. तिची तब्येत ठणठणीत आहे. हॉस्टेलचे आणि खानावळीचे भरायला नाहीत, एवढंच. ती शिकवण्या घेते आणि पुस्तकं कपाटाच्या वर ठेवलीयत. सर येत्या महिन्यात निवृत्त होतील. त्यांना पेन्शन नाही. कायम विनाअनुदान म्हणजे पेन्शनही कायमची नाही.

मी फोनवर संगीला विचारलं, "सरांच्या घरी सुपारी कुणी फोडली होती?"

ती म्हणाली, "कोण फोडणार दादा? दुसऱ्यांच्या घरी सर जात होते. सरांच्या घरी कोण जाणार?"

त्या दिवशी मी टॉवरवर उशिरा चढलो.

तर समितीच्या लोकांना माझी विनंती आहे. सत्काराला शाल द्या, नारळ द्या, हार घाला. त्याच्या आधी स्टेजवर एक घोंगडी अंथरा. पितळी ताट संगी आणेल, अडकित्ता धुळा आप्पांचाच घ्या. ज्या ज्या घरी सरांनी सुपारी फोडली, त्या घरांतली माणसं त्या दिवशी येणार आहेत. सरांची भावकी तीच. सगळ्यांसमोर विचारा, स्वातीच्या तिसऱ्या वर्षाचा माणूस कोण? मी तेव्हा इथंच असेन, लाइन अर्धी झालीय. पण नाव माझं सांगा, आणि माझं खांड संगीच्या हातात द्या. मारुतीलाही बोलवा. त्याला काही मागू नका, नुसतं एक खांड द्या.

सर नको म्हणतील. मग धुळा आप्पांनी सांगावं, की चारचौघांत सुपारी फुटली की माघार नसते, ही तुमचीच रीत. सात वर्षांपूर्वी तुम्ही मला असंच पकडलं होतं. आता आपली फिटंफाट, भांडण मिटलं.

सरांना खूप वर्षं लाभोत. गुडघे धड राहोत, एम-एटी चालू राहो, आणि पोरीच्या पदवीच्या दिवशी पुण्याला जायला अंगात जोर राहो. पुढचे मी दिवाळीला पाठवीन. स्वातीच्या तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीचे आज संगीच्या नावानं टाकलेत, सात हजार दोनशे रुपये.