फळ्यावरची खालची ओळ

“मथळ्यात सिस्टरचं नाव घे आणि पान सोड,” अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे आमचे मालक-संपादक. नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळ्याच्या आमच्या दैनिकात मी तालुक्यांचं पान बघायचो. टेबलावरची बातमी छोटीच होती. लसीची सुई टोचल्यावर एक लहान मुलगी दगावली, आणि सरकारी नर्स कुसुम सिस्टर गावातून पळून गेली. गाव पिंपळनेरच्या पलीकडचं. नाव मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात.

पान सोडणं म्हणजे छपाईला पाठवणं. लांबच्या तालुक्यांसाठीच्या अंकाला आम्ही डाक आवृत्ती म्हणायचो. ती सगळ्यांत आधी, उजेड असतानाच निघायची, कारण गठ्ठे एसटीवर चढवायचे असत. त्या गावी अंक सकाळच्या पहिल्या गाडीने पोचणार होता. आणि त्याच दिवशी कुसुम सिस्टर डोंगराकडच्या पाड्यांवर लस द्यायला जाणार, असं तालुक्याच्या पत्रकात आलेलं होतं. बातमी खोटी निघाली तर त्या बाईला लोक धरून मारतील आणि पाड्यांवर कोणी पोराला सुई टोचू देणार नाही. खरी निघाली आणि आपण दाबली, तर ते पापही आपलंच.

बातमी पाठवली होती सुकलालभाऊंनी. गावात आमचा अंक विकणारे तेच आणि वार्ताहरही तेच, शिवाय किराणा दुकान. बातमीचं पाकीट ते दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि आमचा माणूस धुळ्याच्या स्टँडवर ते उतरवून घ्यायचा. अशा पाकिटांवर आमचा जिल्हा चालायचा. कागदाच्या कोपऱ्यात सुकलालभाऊंनी लिहिलं होतं, ‘फळ्यावरून’.

मी तिथे अडलो.

त्या गावात चावडीच्या भिंतीवर एक फळा होता. कोणाचा बैल हरवला, रेशनची साखर आली, ग्रामसेवक आठवडाभर फिरकला नाही, असं काहीही त्यावर कोणीही लिहायचं. अट दोनच. खाली सही करायची, आणि दुसऱ्याने लिहिलेलं पुसायचं नाही. पटत नसेल तर त्याच्या खाली आपलं लिहायचं. सकाळी कोतवाल फळा धुऊन काढायचा. मी एकदा त्या गावी गेलो होतो तेव्हा एका बोअरिंगवरून फळ्यावर इतकं भांडण झालं होतं की शेवटची सही भिंतीवर गेली होती. थोडक्यात, तो फळा संध्याकाळपर्यंत पुरा होत नसे. सुकलालभाऊंनी मात्र एसटीच्या वेळेला तो अर्धाच उतरवून घेतला होता.

“अण्णा, याच्या खाली नंतर कोणी काही लिहिलं असेल,” मी म्हणालो.

“आणि समोरच्या पेपरने छापलं तर? उद्या सगळे विचारतील, तुमचा पेपर झोपला होता का?”

“अर्धा तास द्या.”

“गठ्ठे चुकले तर गाडीभाडं तुझ्या पगारातून.”

तालुक्याच्या आरोग्य कचेरीत फोन नुसता वाजत राहिला. मग त्या गावच्या पोस्टात अर्जंट ट्रंक कॉल लावला. आजच्या मुलांना सांगायला हवं, की तेव्हा दुसऱ्या गावी थेट फोन लागायचाच असं नाही. एक्सचेंजला नंबर सांगायचा, वाट बघायची, आणि लाइन मिळाली की ठरावीक मिनिटांनी ऑपरेटर मध्येच तोंड घालायचा. पेस्टिंगवाला शिंदे, म्हणजे छापील मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवणारा, हातात कात्री घेऊन माझ्याकडे बघत होता. सिस्टरच्या बातमीची जागा त्याने रिकामी ठेवली होती.

घंटी वाजली. पोस्टमास्तर नाना होते.

“नाना, चावडीचा फळा दिसतो का तिथून?”

“फळा दखास, भाऊ. अक्षर नही दखात.”

“सिस्टरचं जे लिहिलंय त्याच्या खाली काय आहे, तेवढं वाचून या. फोन ठेवू नका.”

“थांबा, जाईसन येस.”

नानांच्या चपलांचा आवाज लांब गेला. लाइनवर नुसती खरखर. अण्णा केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. ऑपरेटरने विचारलं, “वेळ संपली, वाढवू?” मी वाढव म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा वाढव म्हणालो. नानांचा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं, तरी मनातल्या मनात मी त्यांना भरपूर शिव्या दिल्या.

“भाऊ, शेत का?”

“आहे, नाना. बोला.”

“वर पोरना मामानी सही शे. खाले निळा खडूघाई लिखेल शे, ‘पोर जित्ती शे. जीपमा धुयाले लई गयात.’ जीपवालाना भाऊनी सही शे.”

मुलगी जिवंत आहे, धुळ्याला आणली आहे. धुळ्याला आणली म्हणजे सरकारी दवाखाना, आमच्या कचेरीपासून लुनावर काही मिनिटांच्या अंतरावर. पण मामाही सही करून सांगत होता आणि जीपवाल्याचा भाऊही. कोणा एकाची सही बघून छापायचं, तर मग मला पगार कशाचा? मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, “जा. शिंदे, थांब जरा.”

लुनाला जेवढं पळता येतं तेवढी पळवली. मुलांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर मुलगी होती, डोळे मिटलेले, हाताला सलाईन. मी तिच्या छातीकडेच बघत राहिलो. श्वास चालू होता. खाटेच्या एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला, पांढऱ्या साडीला चिखल लागलेली एक बाई मुलीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती.

मी पेपरवाला आहे म्हटल्यावर आईच बोलली. “सुई दिधीच नही, भाऊ. पोरले ताप व्हता. सिस्टर बोलनी, आज सुई नको. मंग घर गऊ नि आकडी उनी. हाई सिस्टरच जीपमा बसाडीसन लई उनी.”

आकडी येऊन निपचित पडलेली पोर जीपमध्ये घालताना मामाने लांबून बघितलं होतं. बाकीचं त्याने आपल्या दुःखाने पुरं केलं. सिस्टर पळून गेली म्हणून जिच्या नावाने गाव पेटलं होतं, ती त्याच पोरीच्या उशाशी बसली होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी मुलगी वाचेल म्हणून सांगितलं.

कुसुम सिस्टरने एवढंच विचारलं, “गावात काय म्हणतात?”

“फळ्यावर लिहिलंय,” मी म्हणालो. “सकाळी अंक बघा.”

परत येऊन उभ्याउभ्याच बातमी लिहिली. वर मामाचं म्हणणं, खाली जीपवाल्याच्या भावाचं, आणि त्याखाली आम्ही दवाखान्यात बघितलेलं. शिंद्याने पट्टी चिकटवली. शेवटचे गठ्ठे आम्ही चालत्या एसटीत फेकले. मागच्या सीटवरच्या एका आजोबांच्या पागोट्यावर एक गठ्ठा पडला, त्यांची माफी मागायची राहून गेली.

पुढचं सुकलालभाऊंनी सांगितलं. सकाळी अंक आल्या आल्या त्यांनी आमची बातमी फळ्यावर सगळ्यांत खाली उतरवली. कोतवाल पाण्याची बादली घेऊन आला, तर मामाने त्याला थांबवलं. “आज पुसू नको. तिले वाचू दे.” मग खडू घेऊन त्याने बातमीखाली लिहिलं, ‘मनं चुकनं,’ म्हणजे माझं चुकलं, आणि सही केली. कुसुम सिस्टर पुढच्या एसटीने उतरली, लसीचा डबा खांद्याला अडकवून फळ्यासमोर उभी राहिली, सगळं वाचलं आणि पाड्याच्या वाटेला लागली. मामा डबा घ्यायला मागोमाग गेला.

त्यानंतर अण्णांनी ‘फळ्यावरून’ नावाचं सदर सुरू केलं. गावोगावच्या फळ्यांवरचं आम्ही छापायचो, पण खालच्या ओळींसकट आणि विचारपूस करून. कल्पना आपलीच होती असं अण्णा शेवटपर्यंत सांगत.

मी निवृत्त झाल्यावर जळगावला पेपरात काम करणाऱ्या भाच्याने मला कॉम्प्युटरवर ब्लॉग दाखवला. कोणीही लिहितं, खाली कोणीही उत्तर देतं, आणि आता पेपरही त्यातून बातम्या उचलतात. “याला सिटिझन जर्नालिझम म्हणतात, मामा.”

“खालचं पुसता येतं का?” मी विचारलं.

“येतं की. ज्याचा ब्लॉग त्याने नको ते काढून टाकायचं.”

“मग छापण्याआधी दवाखान्यात जाऊन ये,” मी म्हणालो.